आमच्या वाडीत ओंजळीने पाणी पीत नाहीत

"ग्लास नको. ओंजळ कर," साहेब म्हणाले. "ओंजळीनेच पी. फोटो नैसर्गिक येतो."

मी पाइपाच्या तोंडाशी वाकून उभी होते. हातात घरून आणलेला स्टीलचा ग्लास. पाइपातून बारीक धारेने पाणी येत होतं, स्वच्छ. समोर फोटोवाला. त्याच्या मागे मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांवर पाहुणे. प्रत्येक पाहुण्यासमोर सीलबंद पाण्याची बाटली. आमच्या वाडीतल्या बायका खाली, ताडपत्रीवर. त्यांत माझी आई.

पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "अहो, पण हे प्यायलं तर चालतं का? तिला काही होणार नाही ना?"

साहेब हसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काही होत नाही हो ह्या लोकांना. सवय असते."

मांडवात हशा झाला. मीसुद्धा हसले. हे लिहिताना हात जड होतो, पण हसले. साहेब हसले की आपण हसायचं, हे अंगात इतकं मुरलेलं असतं की तोंड आपल्याला विचारत नाही.

मग मी ग्लास खाली ठेवला आणि ओंजळ केली.

ते पाणी कसलं होतं आणि ओंजळ म्हणजे आमच्याकडे काय, हे आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, घोटभर पाण्याचा एवढा बाऊ कशाला.

आम्ही बौद्ध. आमची वाडी गावापासून लांब, सड्याच्या पायथ्याशी. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्याच्या खाली आमची घरं, घरांच्या खाली भातशेतीचे चार कुणगे, त्याच्या खाली खाडी. आई लहान असताना वाडीला पाणी नव्हतं. गावात विहिरी होत्या, पण त्यांच्या काठावर आमची सावली नको असायची. आई कळशी घेऊन एका मोठ्या घराच्या मागच्या दारी उभी राहायची. तिथली बाई कधी कळशीत पाणी ओतायची, कधी नाही. तहान लागली म्हटलं तर आईने खाली बसून ओंजळ करायची आणि बाईने वरून, हातभर उंचीवरून, धार सोडायची. अर्धं पाणी तोंडात, अर्धं परकरावर. परकर भिजला की त्या घरातली पोरं हसायची. आई हे एकदाच बोलली माझ्याशी. परत विचारलं तर म्हणाली, "जाऊं दी गो. सुकलो तो परकर."

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा चिरेखाणीत चिरे काढायचे. यंत्रं यायच्या आधीची गोष्ट, हाताने, कुदळीने. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी आणि वाडीतल्या आणखी पाच जणांनी ठरवलं की आपली विहीर आपण खणायची. दिवसभर खाणीत दुसऱ्यांचे चिरे काढायचे आणि खाण सुटली की उजेड असेपर्यंत आपला जांभा फोडायचा. दोन उन्हाळे गेले. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी पाणी लागलं. आबा तळाशी उभे होते. त्यांनी वर ओरडून सांगितलं, गोडा आसा!

पहिलं पाणी वर आलं तेव्हा आईने सवयीने ओंजळ पुढे केली. आबांनी तिचे हात धरले, सोडवले आणि तांब्या दिला. पितळेचा, तिच्या माहेरचा. त्या दिवसापासून वाडीत चाल पडली. ओंजळीने पाणी प्यायचं नाही. विहिरीच्या रहाटाजवळ खुंटीला तो तांब्या टांगलेला असतो. पोस्टमन येऊ दे, मीटर वाचणारा येऊ दे, वाट चुकलेला पर्यटक येऊ दे, त्याला तांब्यातून पाणी. पोरं शाळेच्या नळावर ओंजळ लावून पाणी प्यायली असं कळलं की घरी आल्यावर पाठीत धपाटा बसायचा. मीही खाल्लाय. तेव्हा राग यायचा. एवढ्याशा गोष्टीला मारतात काय, असं वाटायचं.

आता माझा गुन्हा सांगते.

दहा वर्षं झाली. नोटीस आली की सड्यावर घनकचरा प्रकल्प होणार. वाडीत बारावी झालेली पहिली मुलगी मी. नोटीस माझ्याकडे वाचायला आली. मी विहिरीच्या कट्ट्यावर उभी राहून वाचली, मोठ्याने, ऐटीत. ओला कचरा, सुका कचरा, खतनिर्मिती, स्थानिकांना रोजगार. काय सुंदर शब्द. वाडी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला ते आवडत होतं.

आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "सड्यावरचा पाणी खय जातला, ता इचार तेंका."

मी म्हटलं, "आबा, तुमका काय कळता? इंजिनिअर सायब शिकलेले आसत."

आबा गप्प झाले. सगळ्या वाडीसमोर मी बापाला गप्प केलं.

इंजिनिअर साहेब एप्रिलमध्ये आले होते. एप्रिलमध्ये सडा कसा असतो? वाळलेला, तापलेला, टणक. पाय ठेवला तर चटका. त्यांनी बूट आपटून बघितला आणि म्हणाले, "उत्तम खडक आहे. वर प्लास्टिकचा जाड थर टाकू. एक थेंब झिरपणार नाही." जन्मभर जांभा फोडलेला माणूस शेजारी उभा होता. जांभा म्हणजे चाळण, हे त्याला ठाऊक होतं. पावसात सडा पाणी पितो आणि पायथ्याला सोडतो, म्हणून तर तिथे विहीर लागली होती. त्याला कोणी विचारलं नाही, कारण त्याच्या मुलीने त्याला आधीच गप्प केलं होतं. वाडीने होकाराच्या कागदावर सह्या केल्या. पहिली सही माझी.

प्लास्टिकचा थर आला, की आला असं कागदावर आलं, मला माहीत नाही. कचरा मात्र आला. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचा, बाजाराचा, मासळीचा. रोजगारही आला, खोटं कशाला बोलू. मी आणि वाडीतल्या चौघीजणी तिथे कचरा निवडायला लागलो. लोकांनी उष्टं टाकलेलं, बाळांनी घाण केलेलं, रक्ताचं, सगळं आमच्या हातांतून जायचं. जुन्या काळी आमच्या माणसांकडून जे काम करून घ्यायचे तेच, फक्त अंगात निळं जाकीट आणि गळ्यात ओळखपत्र.

पहिल्या पावसाळ्यात काळं पाणी खाली आलं. कचरा कुजतो, त्यावर पाऊस पडतो आणि खालून जे गळतं ते पाणी. चहाच्या चोथ्यासारखं काळं. वास असा की शेजारच्या खोलीत जेवण जात नाही. आधी आमच्या कुणग्यातलं भात पिवळं पडलं, मग आडवं झालं. पुढच्या पावसाळ्यात विहिरीवर तेलकट तवंग दिसला. आबांनी कळशी वर काढली, वास घेतला आणि कळशी तशीच जमिनीवर ठेवून घरात गेले. त्या दिवशी जेवले नाहीत. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी बाटलीत विहिरीचं पाणी भरलं आणि प्रकल्पाच्या कचेरीत गेले. बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली. पुढे ज्यांनी मला ओंजळ करायला लावली, तेच हे साहेब. साहेबांनी शिपायाला हाक मारली. शिपायाने वर्तमानपत्राच्या कागदात धरून बाटली उचलली, बाहेर नेली. परत आला, टेबल पुसलं. मी खुर्चीवर बसले नव्हते, बसायला कोणी सांगितलंच नव्हतं. नुसता खुर्चीच्या पाठीला हात टेकला होता. शिपायाने ती पाठही पुसली.

साहेब म्हणाले, "विहिरीवर कपडे धुता ना तुम्ही? जनावरं धुता. तुमच्या वस्तीत स्वच्छता नसते, म्हणून विहिरी खराब होतात." आणि खणातून विहिरीत टाकायच्या पावडरीची पुडी काढून माझ्यापुढे सरकवली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. मी पुडी घेतली. "बरं साहेब," म्हटलं. सहा कुटुंबांनी घाम गाळून काढलेली विहीर, तिच्यात आम्हीच घाण केली असं माझ्या तोंडावर सांगितलं आणि मी बरं साहेब म्हणून घरी आले.

नंतर टँकर सुरू झाला. एक दिवसाआड. टँकरवाला हॉर्न वाजवायचा आणि आमच्या बायका हातातली कामं टाकून धावायच्या. आई दाराशी उभी राहून बघायची. ती कधी टँकरवर गेली नाही. म्हणायची, "परत दुसऱ्याच्या दारात उभी ऱ्हवचंय नाय मी." तिच्या वाटचं पाणी मी आणायचे.

आबा गेले ते चार वर्षांपूर्वी, आश्विनात, भरदुपारी. छाती भरली होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. आम्ही गंगाजळ वगैरे मानत नाही. पण आबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आमच्या बावीचा पाणी दी गो."

बाव म्हणजे विहीर. मी काय देऊ? मी टँकरचं पाणी उकळून गाळून ठेवलं होतं. धावत गेले, खुंटीवरचा तो तांब्या काढला, घासला, त्यात ते पाणी घातलं आणि घेऊन आले. म्हटलं, "घ्या आबा. आमच्या बावीचाच आसा."

त्यांनी एक घोट तोंडात घेतला. गिळला नाही. ओठांच्या कडेने तो बाहेर आला. म्हणाले, "ह्या आमचा न्हय."

मग तोंड फिरवलं. पुढे तासाभराने गेले. मी परत तांब्या पुढे केला होता, त्यांनी घेतला नाही. स्वतःच्या हाताने विहीर खणलेला माणूस तहानलेला गेला. आणि शेवटचं खोटं त्याच्याशी मी बोलले. हे दुःख कोणाला सांगून हलकं होत नाही. मी सांगून बघितलंय.

आबा गेल्यावर मी सुन्न होते. आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या त्या रोझीबाई भेटायला आल्या. निवृत्त झाल्यात, एकट्या असतात, मुलं गोव्याला. रडल्या नाहीत, समजूत घातली नाही. कुणग्याच्या कडेला गेल्या आणि काळ्या पाण्याकडे बघत राहिल्या. तिथे एका कोपऱ्यात, सगळं मेलेलं असताना, लव्हाळ्याचा एक झुबका हिरवा उभा होता.

"बघ," त्या म्हणाल्या. "ह्या जगला. हेच्या मुळांत काय ता आसा."

त्यांनी मला शिकवलं. काही झाडांच्या मुळांशी बारीक जीव राहतात, ते घाण खातात. वाळा, कर्दळ, लव्हाळा ही तसली झाडं. काळं पाणी थांबवायचं, गाळायचं, हळूहळू मुळांतून न्यायचं. यंत्र नको, वीज नको, औषध नको. त्यांनी पुस्तकातून चित्र काढून दिलं. बाकीचं आमचं आम्हीच जमवलं. कामावरून आलो की आम्ही पाचजणी आबांच्या कुणग्यात खणायचो. आधी एक खड्डा, गाळ बसायला. मग दुसरा, त्यात नारळाची सोडणं आणि शिंपले. शिंपल्यांनी पाण्याचा आंबटपणा जातो. शिंपले खाडीवरून आणले, वाडीतल्या म्हाताऱ्यांनी फोडून दिले. मग दोन लांब वाफे. तळाला चिकणमाती चोपून बसवली, तिच्यावर ताडपत्री, वर जांभ्याची खडी, खडीत झाडं. शेवटी उघडं तळं, ऊन लागायला. वाफ्यांसाठी पाइप कसालच्या बाजारातून आणले. खडी फोडायला आबांचीच कुदळ.

लावलेली झाडं आठ दिवसांत मेली. सगळी. कर्दळीची पानं करपून काळी पडली. आम्ही बांधावर बसून रडलो. एकजण म्हणाली, आपल्या हाताला यशच नाही.

आई येऊन उभी राहिली. वाफ्याकडे बघितलं आणि आम्हालाच झापलं. "आजाऱ्याक कोणी एकदम भात घालता काय गो? पयली पेज. मगे भात."

बस. तेच चुकलं होतं. आम्ही त्या कोवळ्या मुळांवर पहिल्याच दिवशी निखळ काळं पाणी सोडलं होतं. दुसऱ्या खेपेला पेजेने सुरुवात केली. एक तांब्या काळं, दहा तांबे चांगलं. पुढच्या आठवड्यात दोन तांबे काळं. पण चांगलं पाणी आणायचं कुठून? टँकरच्या पाण्यातून. वाडीतल्या प्रत्येक घराने आपल्या वाट्यातली एक कळशी झाडांना दिली. पोरांची आंघोळ चुकली, कपडे खाडीवर गेले, पण कळशी चुकली नाही. विहीर परत मिळेल ह्या एका आशेवर. आई स्वतः तांबे मोजायची. झाडांशी बोलायची, खाया, खाया म्हणायची. मी लांबून बघायचे आणि आबांची आठवण यायची.

झाडं जगली. वर्ष गेलं. शेवटच्या तळ्यातून पहिल्यांदा नितळ पाणी आलं तेव्हा वास घ्यायला सगळी वाडी वाकली. वास नव्हता. मी आईच्या गळ्यात पडले. पण रोझीबाईंनी तिथल्या तिथे बजावलं. "पिऊक नको हां. ह्या झाडांचा पाणी. बांबूक घाल. भाजीक सुद्धा नको." त्यांनीच पाणी तपासायला पाठवलं. वाफ्याचं वेगळं आणि विहिरीचं वेगळं. वाफ्याचं पाणी पुष्कळ सुधारलेलं. पण दोन्ही कागदांवर खाली एकच ओळ होती, पिण्यास अयोग्य. विहिरीत वर्षानुवर्षं मुरलेलं होतं, वरून नव्याने येणाऱ्यातलं एवढंसं आम्ही आता अडवत होतो. वरचा कचरा थांबला तर विहिरीला बरं व्हायला वेळ मिळेल. नाही थांबला तर आमचे दोन वाफे किती पुरणार? ते दोन्ही कागद, नकला माझ्याकडे ठेवून, मी साहेबांना नेऊन दिले. त्यांनी वाचले. माझ्यासमोर वाचले, हे लक्षात ठेवा.

त्यानंतर साहेबांना आमचे वाफे एकदम आवडायला लागले. गाड्या यायला लागल्या. मोबाइलवर फोटो. कुणग्याला रंगीत दोऱ्या लावल्या. एक फलक आला, पर्यावरणपूरक सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प. त्यावर सहा नावं होती, त्यांतल्या एकाच्याही हाताला माती लागलेली नव्हती. आमच्या वाडीचं नाव नव्हतं. आबांचं तर नव्हतंच. फलकाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, टप्पा दोन, सड्यावरील क्षमता वाढ. म्हणजे आणखी कचरा. अख्ख्या किनाऱ्याचा. मी परत एकदा वाडीसाठी वाचत होते, पण ह्या वेळी मला अर्थ कळत होता.

उद्घाटनाच्या सकाळी गावातले पुढारी माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "आता टँकर कशाक व्हयो? तुमचा पाणी तुमका परत गावला. आज तुया पिऊन दाखव, म्हंजे कागद पुरो."

कागद पुरा. मी प्यायले की टँकर बंद. मी प्यायले की विहीर चांगली. मी प्यायले की वरून येईल तितका कचरा येऊ दे, खालच्यांना काही होत नाही. आणि तरीही, खरं सांगते, मी नाही म्हटलं नाही. कामावरून काढतील, वाडीला त्रास देतील, एक घोटच तर आहे. असं मनाला सांगत मी मांडवात गेले. तपासणीचा कागद, का कोण जाणे, पोलक्यात सरकवला. ग्लासही घरून घेतला. निदान ग्लासने पिऊ, एवढीच माझी लायकी उरली होती त्या सकाळी.

आईने तांब्या आणला होता. आपल्या कुणग्यात पाहुणे आले, तर पाणी विचारायला नको? खुंटीवरचा तो तांब्या चिंचेने घासून लखलखीत केलेला, त्यात टँकरचं, उकळून गार केलेलं पाणी. ती खुर्च्यांसमोरून एकेकाला विचारत गेली. "पाणी?" कोणी मान हलवली. कोणी समोरची सीलबंद बाटली दाखवली. एका बाईने साडी आवरून घेतली. शेवटच्या खुर्चीपर्यंत आई गेली आणि भरलेला तांब्या घेऊन परत येऊन ताडपत्रीवर बसली. तो तांब्या तिने मांडीत धरला होता.

मग ते "सवय असते." मग माझं हसणं. मग माझी ओंजळ.

हातात पाणी जमलं. थंडगार होतं. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, थोडं वर. तोंडाजवळ. हां, तसंच." मी ओंजळ वर नेली. आणि बोटांच्या वरून मला आई दिसली.

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती. ह्याच ओंजळीसाठी तिने मला धपाटे घातले होते. तिच्या तोंडावर जे आलं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सत्तरीची बाई, पण त्या घडीला मागच्या दारी खाली बसलेली, परकर भिजलेली पोर माझ्यासमोर होती. ज्यापासून मला सोडवायचं म्हणून तिने जन्म काढला, तिथेच मी तिच्या डोळ्यांदेखत वाकून उभी होते. आणि धार सोडणारे हसत होते.

आई उठली. तांब्या हातात घेऊन दोरी ओलांडून पुढे आली. कोणीतरी "मावशी, बसून घ्या" म्हणालं. ती थांबली नाही. माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "हात सोड गो चेडवा."

मी हात सोडले. पाणी खाली पडलं, साहेबांच्या बुटांवर उडालं.

"काय झालं? परत घ्या, परत घ्या," साहेब फोटोवाल्याला म्हणाले.

मी सरळ उभी राहिले. कचेरीत मी नेहमी शुद्ध बोलते. जपून, चाचपून. त्या दिवशी तोंडातून माझी भाषा आली. "ह्या पाणी मी पिऊचंय नाय. ह्या झाडांचा पाणी, माणसांचा न्हय. आमची बाव अजून बरी होऊक नाय. तुमका म्हायत आसा, सायब. कागद तुमी वाचलास."

पोलक्यात ठेवलेला तपासणीचा कागद काढून मी त्या पाहुण्या बाईंच्या हातात दिला. त्यांनी वाचला. खाली बघितलं. कागद घडी करून मला परत दिला. असतात अशीही चांगली माणसं, प्रश्न विचारण्यापुरती.

साहेबांनी आवाज खाली आणला. तोंडावरचं हसू तसंच ठेवून म्हणाले, "उद्यापासून कामावर येऊ नकोस."

आई म्हणाली, "ती आता तहानली आसा, सायब. तिका पाणी पिऊं दी." आणि तांब्या माझ्या हातात दिला. मी सगळ्यांच्या समोर, उभ्याने, तांब्याने पाणी प्यायले. टँकरचंच ते. आमचं नव्हतंच. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी पीत होते, संपेपर्यंत. त्याचा फोटो कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सगळी वाडी रिकाम्या कळश्या घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर बसली. आईसुद्धा, पहिल्यांदा. संध्याकाळी टँकर आला. टप्पा दोनचा फलक अजून उभा आहे. सड्यावर रोज गाड्या चढतात. माझं काम गेलं, निळं जाकीट परत केलं, चौघींपैकी एक माझ्याशी बोलायची बंद झाली कारण तिच्या घरात दुसरं कोणी कमावतं नाही. मी तिला दोष देत नाही. विहिरीचं पाणी अजून काळसर आहे. हे सगळं तसंच आहे, आणि मी तुम्हाला गोड काही सांगणार नाही.

पण कुणगा आबांचा आहे. तिथून मला कोणी काढू शकत नाही. साहेबांच्या रंगीत दोऱ्या मी सोडल्या आणि त्यांनी वाळ्याच्या जुड्या बांधल्या. तिसरा वाफा खणून झाला, चौथ्याची खडी फोडतेय. रोपांना पेज चालू आहे. आई तांबे मोजते.

आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी विहिरीत कळशी सोडते, बाटली भरते आणि कचेरीत जाते. बाटलीवर कागद चिकटवलेला असतो, त्यावर आबांचं पूर्ण नाव आणि खाली दोन शब्द, यांची विहीर. बाटली टेबलावर ठेवते. खुर्ची ओढते आणि बसते. कोणी बस म्हणायची वाट बघत नाही. शिपाई वर्तमानपत्र घेऊन आला तर त्याला सांगते, हात लाव, मरणार नाहीस. आवक नोंदीचा शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय उठत नाही. ते साहेब बदलून गेले. नवे आले. नव्यांनीही पहिल्या दिवशी पावडरीची पुडी पुढे सरकवली. मी ती परत सरकवली.

आबांनी ती विहीर दोन उन्हाळ्यांत खणली. मला ती बरी करायला वीस लागतील, कदाचित मी पुरणार नाही. मग माझी बाटली दुसरी कोणी उचलेल, वाडीतल्या पोरींना मी नोटिसा वाचायला शिकवतेय. नुसत्या वाचायला नाही, खालची बारीक अक्षरं वाचायला, आणि म्हाताऱ्यांना गप्प न करायला.

आबा, त्या दुपारी मी खोटं बोलले. ते खोटं मला मिटवता येणार नाही. पण तुमच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे असं ह्या तोंडाने परत कोणासाठी म्हणणार नाही, ते खरंच चांगलं होईपर्यंत. आणि हे हात कुदळ धरतील, कळशी धरतील, साहेबाच्या टेबलावर बाटली आपटतील. ओंजळ करणार नाहीत.